वाफेचं इंजिन पुसायचं, रंगवायचं, चमकवायचं कसं: नव्या हातांसाठी

अमेरिकेतल्या आपल्या लोकांत रेल्वेवेडी माणसं बरीच आहेत. त्यांतली काही शनिवारी भल्या सकाळी घरातून निघतात आणि जवळच्या रेल्वे संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून कामाला लागतात. पेनसिल्व्हेनियात गेली काही वर्षं मी हेच करतो आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी कुणी इंजिनाच्या केबिनमध्ये बसवत नाही. हातात चिंध्यांचा गठ्ठा देतात, रॉकेलचा डबा दाखवतात आणि म्हणतात, कर सुरुवात. ती सुरुवात कशी करायची, कशाला हात लावायचा आणि कशाला मुळीच लावायचा नाही, हे एका जागी लिहिलेलं असावं म्हणून हा लेख.

जुन्या काळी इथल्या रेल्वे कंपन्यांतही हाच क्रम होता. इंजिन वळवायच्या फिरत्या टेबलाभोवती अर्धगोलात बांधलेल्या इंजिनांच्या शेडला राउंडहाउस म्हणतात. तिथली सगळ्यांत खालची नोकरी ‘वायपर’ची, म्हणजे पुसणाऱ्याची. वायपरचा पुढे फायरमन व्हायचा आणि फायरमनचा इंजिनियर; ड्रायव्हरला अमेरिकेत इंजिनियरच म्हणतात. ज्यांच्या घरात कुणी भुसावळ, मनमाड किंवा दौंडच्या लोको शेडमध्ये होतं, त्यांना ही शिडी ओळखीची वाटेल. आपल्याकडेही क्लीनर, फायरमन, ड्रायव्हर अशीच चढण होती.

पुसण्यापासून सुरुवात का, हे मला उशिरा कळलं. पुसणारा माणूस इंजिनाच्या जितका जवळ जातो तितका दुसरं कुणीच जात नाही. तेल आणि काजळीच्या थराखाली तडा दिसत नाही, सैल झालेला नट दिसत नाही, गळका सांधा दिसत नाही. थर निघाला की सगळं उघडं पडतं, आणि ते पहिल्यांदा दिसतं ते चिंधी हातात असलेल्या माणसाला. वायपरच्या कामाचं खरं मोल मला यात दिसतं. पुढची प्रत्येक पायरी वाचताना हे डोक्यात ठेवा.

कामाचा अंदाज हवा असेल तर जॅक डेलानो या छायाचित्रकारानं अमेरिकी सरकारसाठी एप्रिल १९४३ मध्ये काढलेले रंगीत फोटो बघा. आयोवा राज्यातल्या क्लिंटन गावी, शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या राउंडहाउसमध्ये ते काढलेले आहेत. पुरुष युद्धावर गेलेले आणि वायपरचं काम बायका करत होत्या. डोक्याला घट्ट रुमाल, अंगात जाड कापडाचा ओव्हरऑल. एका फोटोत एक बाई प्रचंड इंजिनावर वाफेच्या नळीचा झोत धरून उभी आहे. तिचे कपडे नीट पाहा. लोंबणारं, अडकणारं काहीही नाही.

पहिली पायरी: निळा झेंडा

चिंधी उचलण्याआधी इंजिनाला निळा झेंडा लागलाय का ते बघायचं. अमेरिकेतल्या रेल्वेचा हा जुना आणि कडक नियम. इंजिनावर, इंजिनाखाली किंवा दोन गाड्यांच्या मध्ये माणूस काम करत असेल तर निळा झेंडा, रात्री निळा दिवा. तो आहे तोवर इंजिन हलवायचं नाही आणि त्याला दुसरं काही जोडायचंही नाही. तो काढायचा अधिकार लावणाऱ्यांचाच. साहेब आला तरी त्यानं तो परस्पर काढायचा नाही.

झेंड्यानंतर सोबतच्या अनुभवी माणसाला चार गोष्टी विचारा. हँडब्रेक ओढलाय का? चाकांना पाचरी लावल्यात का? थ्रॉटल (सिलिंडरकडे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) बंद आणि रिव्हर्सर (पुढे की मागे जायचं ते ठरवणारा दांडा) मधोमध आहे का? सिलिंडरचे ड्रेन कॉक, म्हणजे निचऱ्याच्या तोट्या, उघडे आहेत का? शेवटचा प्रश्न नव्या माणसाला फालतू वाटतो. पण थ्रॉटलचा व्हॉल्व्ह किंचित जरी गळत असला तरी वाफ हळूहळू सिलिंडरमध्ये साठते आणि उभं इंजिन आपोआप सरकू शकतं. ड्रेन कॉक उघडे असले की ती वाफ बाहेर पडत राहते.

अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी ठेवून या. कपडे सुती असावेत. सिंथेटिक कापड गरम धातूला टेकलं की वितळून अंगाला चिकटतं.

आणखी दोन गोष्टी आधीच विचारून घ्यायच्या: ॲस्बेस्टॉस आणि शिसं. बॉयलरवर जे गुळगुळीत पत्र्याचं आवरण दिसतं त्याला जॅकेट म्हणतात. जॅकेट आणि बॉयलर यांच्यामध्ये उष्णता अडवणारा थर असतो आणि जुन्या इंजिनांत तो बहुधा ॲस्बेस्टॉसचा असायचा. जॅकेट कुठे फाटलेलं दिसलं, आत पांढरट तंतुमय काही दिसलं, तर तिथून मागे या आणि सांगा. कोरून बघू नका. जुना रंगही शिशाचा असू शकतो. तो कोरडा घासायचा नाही, कारण धूळ फुप्फुसात जाते आणि कपड्यांवरून घरातल्या मुलांपर्यंत पोचते. ही दोन्ही कामं त्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांची.

पुसणं

इंजिन कोमट असताना पुसावं. आदल्या संध्याकाळी आग काढलेलं इंजिन सकाळी छान कोमट असतं, तेलाचा थर मऊ झालेला असतो आणि चिंधीला चटकन येतो. कडक तापलेल्या धातूवर रॉकेल लावायचं नाही. दर चौरस इंचाला २०० पौंड दाब असलेल्या बॉयलरमधलं पाणी साधारण १९८ अंश सेल्सियसला असतं, आणि रॉकेलच्या वाफा त्याच्या कितीतरी आधी पेट घेण्याजोग्या होतात.

जुने वायपर कापडगिरण्यांत उरलेल्या सुताचे बोळे वापरायचे. आपल्या कारखान्यांतही ‘कॉटन वेस्ट’ म्हटलं की तेच समोर येतं. त्याचे धागे नटबोल्टांत अडकतात, म्हणून आता आम्ही जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या घेतो. रॉकेलमध्ये थोडं मशीन ऑइल मिसळायचं. एका हातात त्या मिश्रणात बुडवून घट्ट पिळलेली चिंधी, दुसऱ्या हातात कोरडी. वरून खाली यायचं: घुमट, बॉयलर, केबिन, मग फूटप्लेट (बॉयलरच्या कडेनं चालायची पट्टी), सगळ्यांत शेवटी चाकं. उलट्या क्रमानं केलंत तर वरची घाण पुसलेल्या चाकांवर येते आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं.

ओल्या चिंधीनं हातभर जागा पुसायची आणि लगेच कोरडीनं ओढून घ्यायचं. मागे तेलाचा अगदी पातळ थर राहतो, तो हवाच असतो, कारण गंज त्यानंच थांबतो आणि काळ्या रंगाला ती खोल झाक त्यानंच येते. थर जास्त झाला की वाटेतली सगळी धूळ त्यावर बसते. बोटाची मागची बाजू टेकवून बघा. ठसा उमटला तर तेल जास्त आहे, कोरडी चिंधी पुन्हा फिरवा.

तेल कुठे जाऊ द्यायचं नाही, हे नव्या माणसाला आवर्जून सांगावं लागतं. चाकाचा रुळावर टेकणारा भाग, ब्रेकचे ठोकळे, चाकांखाली वाळू सोडणाऱ्या नळ्या, चढायच्या पायऱ्या आणि धरायचे दांडे. हे सगळं कोरडंच राहायला हवं. दांडा तेलानं चमकवून ठेवलात तर पुढचा माणूस त्यावरून घसरून खाली पडेल.

पाण्याचंही तसंच. मोठ्या राउंडहाउसमध्ये गरम पाणी आणि वाफ एकत्र मारून इंजिनं धुवायचे. आमच्याकडे ते काम मुरलेला माणूसच करतो. आसाच्या टोकांवरच्या बेअरिंगच्या पेट्यांत तेलात भिजवलेलं सूत भरलेलं असतं. तिथे पाणी शिरलं तर बेअरिंग तापून जळतं. हवेच्या पंपाचं तोंड, विजेचं छोटं जनित्र, हेडलाइट यांच्यावरही झोत नको. आणि केबिनमधल्या पाण्याच्या पातळीच्या काचेला इंजिन गरम असताना ओलं फडकं कधीच लावू नका. आत दाबाखालचं उकळतं पाणी आणि बाहेरून गार फडकं, की काच फुटते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. एखाद्या सांध्याभोवती पांढरी खपली दिसली तर पुसण्याआधी कुणाला तरी बोलावून दाखवा. गळणारं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि त्यातले क्षार मागे खपली धरतात. तुम्ही ती पुसलीत तर तिच्यासोबत पुरावाच पुसला जातो. गंजाची तांबूस रेघ खाली ओघळलेली असेल तर तेही तसंच. आमच्याकडे एक वही असते. तारीख, जागा, काय दिसलं, एवढं तीत लिहायचं.

रॉड

चाकांना जोडणारे लांब पोलादी दांडे, म्हणजे मेन रॉड आणि साइड रॉड. ते सहसा रंगवत नाहीत, उघडे आणि चकचकीत ठेवतात. लोकांना वाटतं दिसायला छान म्हणून. खरं कारण असं की रंगाखालचा तडा दिसत नाही आणि वेगात असताना रॉड तुटला तर तो केबिन फोडून आत येऊ शकतो.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यात मी एमरी पेपर घेऊन साइड रॉड घासत होतो, आडवा, म्हणजे वरच्या काठाकडून खालच्या काठाकडे. तसाच हात सहज जातो. आमच्यातले एक वयस्क मेकॅनिक आले, त्यांनी माझा हात धरून थांबवला आणि टॉर्चचा उजेड तिरपा टाकला. माझ्या घासण्याच्या बारीक रेघा केसांसारख्या दिसत होत्या, सगळ्या रॉडच्या लांबीला काटकोनात. रॉडवर ताण येतो तो लांबीच्या दिशेनं, ते म्हणाले, आणि आडवा ओरखडा म्हणजे तड्याला आयती सुरुवात. मग लांबीच्या दिशेनं, आधी थोड्या जाड आणि मग बारीक पेपरनं, त्या सगळ्या रेघा जाईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून तो रॉड पुन्हा केला. अख्खा दिवस गेला. तेव्हापासून नव्या माणसाला मी हे पहिल्याच तासाला दाखवतो. रॉड नेहमी लांबीच्या दिशेनंच घासायचा, आणि ग्राइंडर तर त्याच्या जवळही न्यायचा नाही.

तडा शोधण्याची जुनी खडूची युक्ती अजूनही शिकण्यासारखी आहे. रॉड स्वच्छ करून त्यावर रॉकेल चोळायचं आणि थोडा वेळ थांबायचं. मग एकदम कोरडा पुसून काढायचा आणि वर खडूच्या भुकटीचा पातळ हात द्यायचा. हलक्या हातानं ठोकत गेलं की तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर एक बारीक काळसर रेघ उमटते. मी ती एकदाच पाहिली आहे, एका जुन्या, वापरातून काढलेल्या पिनवर. नखाएवढी लांब होती. त्याआधी तीच पिन मी हातात फिरवून बघितली होती आणि मला काहीही दिसलं नव्हतं. १९३० च्या दशकात चुंबकीय तपासणी आली आणि आज चालत्या इंजिनाच्या रॉडचा निवाडा तीच करते. पण खडूमुळे नजर तयार होते.

पितळ

पितळ घासायला सगळ्यांना आवडतं, आपल्या लोकांना जास्तच. दिवाळीला समई आणि ताम्हण चिंचेनं घासून लख्ख करणारे आपण, इंजिनाची घंटा बघून हात शिवशिवतात. पण चिंच, लिंबू, व्हिनेगर इथे नको. आम्लानं काळपटपणा झटकन जातो, पण ते पितळातलं जस्तही खातं आणि मागे तांब्याची गुलाबी झाक राहते. ताम्हण लगेच खळखळून धुता येतं. इंजिनाच्या पितळी भागाच्या खाचांत आणि आट्यांत अडकलेलं आम्ल धुऊन निघत नाही.

बाजारातलं धातूचं पॉलिश चालतं, पण डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. काही पॉलिशांत अमोनिया असतो. ताण असलेल्या पितळाला अमोनिया लागला तर ते आतून तडकतं, आणि याचं प्रसिद्ध उदाहरण आपल्याच देशातलं आहे. इंग्रजी सैन्याची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेली असायची आणि त्यांच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकायच्या. कारण पुढे सापडलं: घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया आणि ओल. घंटेसारख्या जाड ओतीव भागाला धोका कमी, बारीक नळ्यांना आणि पातळ पत्र्याला जास्त. काहीही वापरलं तरी शेवटी साबणाच्या पाण्यानं पुसून कोरडं करायचं.

क्रम सोपा आहे. आधी साबणपाण्यानं तेल काढा, कारण तेलकट पितळावर पॉलिश नुसतं काळं पसरतं. मऊ सुती कापडावर थोडंसं पॉलिश, छोटे गोल, आणि काळं आलं की कापडाची घडी बदला. खाचांत सुकून बसणारी पांढरी भुकटी जुन्या मऊ टूथब्रशनं काढा. नाहीतर दुरून घंटा सोन्यासारखी दिसते आणि जवळून पीठ उडाल्यासारखी. थंड राहणाऱ्या भागांवर शेवटी मेणाचा हलका हात द्यायचा. शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तापतात, तिथे मेण नको. सेफ्टी व्हॉल्व्हला तर कापडाशिवाय काहीच लावायचं नाही. आणि ज्यावर कारखान्याचं नाव आणि साल असतं ती पाटी जोर लावून घासू नका. शंभर वर्षांच्या पॉलिशनं अक्षरं सपाट झालेल्या पाट्या मी पाहिल्या आहेत.

स्मोकबॉक्स

बॉयलरचा पुढचा, धुराड्याखालचा भाग बाकी इंजिनापेक्षा वेगळा, करडा का दिसतो, असं येणारी मुलं नेहमी विचारतात. तो स्मोकबॉक्स. आगीतले वायू बॉयलरच्या नळ्यांतून तिथे येतात आणि धुराड्यातून बाहेर पडतात. त्याला बाहेरून उष्णतारोधक थर नसतो. आतले वायू ३०० अंश सेल्सियसच्या वर असतात, तेव्हा साधा इनॅमल रंग तिथे जळून पोपडे धरतो. म्हणून अमेरिकी कंपन्या तिथे ग्रॅफाइट आणि जवसाचं तेल यांचं मिश्रण लावायच्या. तेल उष्णतेनं भाजून पकडतं आणि ग्रॅफाइट मागे राहतं. पेन्सिलीच्या शिशासारखा तो मऊ करडा रंग तिथूनच येतो. काहींनी पुढे ॲल्युमिनियमचा रंगही वापरला; सदर्न पॅसिफिक रेल्वेची चंदेरी तोंडाची इंजिनं जुन्या फोटोंत लगेच ओळखू येतात.

नव्या हातानं करायचं असेल तर असं करा. तारेच्या ब्रशनं सैल पोपडे काढा (आधी शिशाची खात्री करून, आणि मास्क लावूनच), रॉकेलनं पुसा, पूर्ण वाळू द्या. आज बहुतेक ठिकाणी ६५० अंशांपर्यंत टिकणारा सिलिकोनचा रंग वापरतात. तो पातळ मारायचा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे हळूहळू तापवून पक्का करायचा. जुन्या पद्धतीनं ग्रॅफाइट आणि तेल लावत असाल तर धातू कोमट हवा, आणि कापडानं चोळून जिरवायचं. पहिली आग पेटली की दिवसभर जळक्या तेलाचा वास येतो, त्यानं घाबरू नका.

रंग

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण इंजिनाला कुठला रंग द्यायचा हा प्रश्न त्याशिवाय सुटत नाही.

१८५० आणि १८६० च्या दशकांत अमेरिकी इंजिनं लाल, हिरव्या, निळ्या रंगांची, सोनेरी नक्षीची आणि पितळी पट्ट्यांची असायची. बॉयलरचं जॅकेट बहुधा ‘रशिया आयर्न’चं. उरल पर्वताच्या भागात लोखंडी पत्रे कोळशाच्या भुकटीसह थरावर थर रचून तापवून ठोकत, आणि त्यावर निळसर करडी, आरशासारखी चकाकणारी, सहसा न गंजणारी कातडी येई. त्याला रंग लागायचाच नाही, नुसतं पुसायचं. अशी मूळ कातडी शिल्लक असलेलं जॅकेट संग्रहालयात दिसलं तर त्याला पॉलिश पेपर लावू नका. ती कातडी एकदा गेली की परत आणता येत नाही.

त्या काळी एक इंजिन एका इंजिनियरचं असायचं. तोच रोज ते चालवायचा आणि त्याचा फायरमन पितळ घासायचा. म्हणून लोक आपापल्या इंजिनावर जीव टाकायचे. पुढे कंपन्यांनी इंजिनं सगळ्यांना सामाईक केली. जो मोकळा असेल त्यानं जे तयार असेल ते न्यायचं. त्यातच लाकडाऐवजी कोळसा आला, काजळी वाढली, १८७३ च्या मंदीनं खर्चाला कात्री लागली. पितळ गेलं, नक्षी गेली, काळा रंग आला. मला त्या काळ्या रंगाचं वाईट वाटत नाही, त्यावर हलकं तेल चढलं की तो फार देखणा दिसतो. पण तो का आला हे ठाऊक असावं.

सगळे काळेही झाले नाहीत. पेनसिल्व्हेनिया रेल्वेमार्गाचा ‘डार्क ग्रीन लोकोमोटिव्ह इनॅमल’ सावलीत काळाच वाटतो, उन्हात शेजारी काळं काही ठेवलं की हिरवा कळतो. अमेरिकेतल्या सदर्न रेल्वेनं १९२० च्या दशकात आपली पी-एस-४ वर्गाची इंजिनं सोनेरी रेघांसह हिरवी रंगवली. त्यांतलं १४०१ क्रमांकाचं इंजिन आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात उभं आहे. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची अंत्ययात्रेची गाडी एप्रिल १९४५ मध्ये ज्या इंजिनांनी ओढली त्यांत ते होतं.

मूळ रंग शोधायला घाई करू नका. युटामध्ये प्रॉमोंटरी इथे १० मे १८६९ रोजी अमेरिका आरपार जोडणारा रेल्वेमार्ग पूर्ण झाला. तिथे समोरासमोर उभी राहिलेली ज्युपिटर आणि ११९ ही दोन्ही इंजिनं पुढे भंगारात गेली. १९७९ साली त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती बनल्या. ज्युपिटर आधी लाल रंगवलं गेलं आणि त्या काळातली वर्णनं नव्यानं तपासल्यावर निळं करावं लागलं. मूळ फोटो सगळे कृष्णधवल, त्यांवरून रंग कळत नाही. तुमच्या इंजिनाच्या एखाद्या पाटीमागे किंवा कंसाखाली जुन्या रंगाचे थर शिल्लक असतील तर त्यावर रंग मारू नका. तेवढा चौकोन तसाच राखा.

आता प्रत्यक्ष काम. गंज काढून धातू उघडा झाला की त्याच दिवशी प्रायमर लावायचा. रात्रभर ठेवलात तर सकाळी तांबूस झाक आलेलीच असते. जुन्या काळी प्रायमर म्हणजे जवसाच्या तेलात कालवलेलं रेड लेड. रेड लेड म्हणजे आपला शेंदूर, देवाला लावतात तोच. तो शिशाचा असतो म्हणून आता झिंक फॉस्फेटचा किंवा इपॉक्सीचा प्रायमर वापरतात. मग खड्डे भरायला पुट्टी, आणि ती पाण्याच्या पेपरनं सपाट करायची. पूर्वी हेच काम टाच घासायच्या सच्छिद्र दगडासारख्या प्युमिस दगडानं आणि पाण्यानं व्हायचं. मग रंगाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर पुन्हा ओली घासणी.

धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सियस जास्त हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल रंगाखाली अडकते आणि हिवाळ्यानंतर फोड येतात. उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियाची सकाळ दमट असते, म्हणून आम्ही नऊ-दहाच्या आधी डबा उघडत नाही. मोठ्या टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीच्या) बाजूला दोघांनी लागायचं. एकानं रंग लावत पुढे जायचं, दुसऱ्यानं मागोमाग रिकाम्या ब्रशनं वरून खाली एकच शेवटची ओढ देत यायचं. कड ओली असेपर्यंत पुढचा पट्टा तिला भिडला पाहिजे. मध्येच चहाला थांबलात तर तो जोड कायम दिसत राहतो.

काही ठिकाणी रंग लागताच कामा नये. तेलाची भोकं, ग्रीसची तोंडं, ठोकलेले क्रमांक, आणि स्टेबोल्टची भोकं. फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या, आतल्या आणि बाहेरच्या भिंतींना जोडून धरणारे शेकडो बोल्ट असतात, त्यांना स्टेबोल्ट म्हणतात. त्यांतल्या आखूड बोल्टांच्या बाहेरच्या टोकाला मधोमध सुमारे ५ मिलिमीटरचं भोक मुद्दाम पाडलेलं असतं. बोल्ट आत तुटला की त्या भोकातून पाणी आणि वाफ बाहेर येते आणि बिघाड कळतो. जॅकेट काढलेलं असताना हौशीनं रंगाचा ब्रश फिरवून ती भोकं बुजवणं म्हणजे बॉयलरचं तोंड दाबणं. प्रायमर लावण्याआधी भोकं मोजा, लावल्यावर पुन्हा मोजा.

सोन्याचा वर्ख

अक्षरं आणि क्रमांक यांना चांगल्या इंजिनांवर खरा सोन्याचा वर्ख असायचा. महाग वाटतो, पण वर्ख ऊनपावसात सोनेरी रंगापेक्षा फार जास्त टिकतो. आधी अक्षराचा आराखडा कागदावर काढून त्याच्या रेघांवर सुईनं भोकं पाडायची आणि खडूच्या पुरचुंडीनं तो धातूवर उतरवायचा. रांगोळीच्या ठिपक्यांच्या छापासारखंच. मग अक्षरात ‘साइझ’ म्हणजे चिकट तेल पातळ भरायचं आणि वाट बघायची. योग्य वेळ बोटाच्या पेरानं कळते. पेर टेकवून उचललं की तेल बोटाला लागत नाही, पण किंचित धरून ठेवतं आणि सुटताना बारीक ‘टिक’ असा आवाज येतो. त्याआधी वर्ख ठेवलात तर तो बुडून निस्तेज होतो, नंतर ठेवलात तर चिकटतच नाही.

शेडची दारं बंद करा, पंखा बंद करा. वर्ख इतका हलका असतो की समोरच्या माणसाच्या श्वासानंही गुंडाळतो. रुंद मऊ ब्रश आपल्या गालावर एकदा फिरवायचा, तेवढ्या तेलकटपणावर वर्ख उचलला जातो. पान पानावर थोडं चढवत ठेवायचं, कापसानं दाबायचं, आणि दुसऱ्या दिवशी जास्तीचं झाडून डबीत भरून ठेवायचं. मग कडेच्या रेघा. लांब केसांच्या ब्रशनं, करंगळी इंजिनाच्या कडेला टेकवून, आणि रेघ संपेपर्यंत नजर ब्रशच्या थोडी पुढे ठेवून. हे हातात यायला महिने लागतात. आधी जुन्या पत्र्यावर करा. सगळं पक्कं वाळलं की वर वॉर्निशचा हात.

दिवस संपताना

जवसाचं तेल, वॉर्निश किंवा तेलरंग लागलेल्या चिंध्या कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. चिंध्यांच्या ढिगाऱ्यात ती उष्णता बाहेर पडत नाही आणि काही तासांनी, कुणी नसताना, ढीग आपोआप पेटतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. घट्ट झाकणाचा लोखंडी डबा, त्यात पाणी, आणि चिंध्या त्यात बुडवलेल्या. घरी जाण्याआधी तो डबा शेडच्या बाहेर न्यायचा.

मग वही. सकाळी दिसलेली पांढरी खपली, सैल वाटलेला नट, जॅकेटची फाट, सगळं लिहिलंय का बघा. नाव आणि वेळ टाका. हत्यारं मोजून जागेवर ठेवा, कारण फूटप्लेटवर विसरलेला पाना चालत्या इंजिनावरून रॉडमध्ये पडू शकतो. इंजिनाभोवती एक पूर्ण फेरी मारा, खाली वाकून आत कुणी राहिलं नाही ना ते डोळ्यांनी बघा, मोठ्यानं हाक द्या. उत्तर आलं नाही की मगच निळा झेंडा काढायचा, आणि तुम्ही लावला असेल तर तुम्हीच.